आतले चार

जखम बंद करण्याआधी
मला मोठ्यानं मोजायचं असतं.
गॉज वीस. मॉप सहा. सुया तीन.
फळ्यावरचा आकडा आणि ट्रॉलीवरचा आकडा
जुळला नाही तर मिरजेतला सगळ्यात मोठा सर्जनसुद्धा
हात वर धरून उभा राहतो.
एकदा एक सुई पाऊण तास सापडेना.
आम्ही चौघं त्या थंड खोलीत गुडघ्यांवर,
हातात लोहचुंबक,
आणि ती निघाली माझ्याच चपलेच्या तळाला.

आत गेलं ते बाहेर आलं पाहिजे.
सव्वीस वर्षं हाच पाढा.

फक्त विरघळणारा दोरा
या हिशेबात धरत नाहीत.

हल्ली तो जांभळा येतो, कारखान्यातला.
मी नवी होते तेव्हा पाकीट फाडलं की
स्पिरिटचा वास यायचा,
आणि आत ओला, तपकिरी, वळवळता दोरा,
मेंढीच्या आतड्याचा,
नाव मात्र मांजराचं.

त्या वर्षी कोंडाक्का पुकळे आली, जतच्या पलीकडून.
कोकरू ओढताना ट्रकच्या पत्र्यानं
पोटरी फाटलेली, घोट्यापासून वर.
कमरेत इंजेक्शन दिलं, पण डोळे टक्क उघडे.
हिरव्या पडद्याआड तिला काही दिसत नव्हतं,
तर ती कात्रीचा आवाज मोजत राहिली.
अकरा.

दहाव्या दिवशी टाके काढले.
गॉजवर काळ्या दोऱ्याचे तुकडे मांडले
आणि तिनं प्रत्येकावर बोट ठेवलं.
"सातच?"
सातच, मावशी.
"आतलं चार कुटं हाईत?"
ते विरघळतात. नव्वद दिवस लागतात.
"मीठ इरगळतंय. गूळ इरगळतोय.
दोरा कसा गं इरगळंल?"

बाहेर रांग लागलेली, अथणीचे लोक कन्नडमध्ये भांडत होते,
मी घाईत सांगून टाकलं,
मेंढीच्या आतड्याचा असतो.
आणि जीभ चावली.

ती गप्प.
मग पोटरीवर तळवा ठेवला,
गाभण मेंढीचं पोट चाचपावं तसा,
आणि विचारलं,
"पांढरी का काळी?"

मला माहीत नव्हतं.
पाकिटावर नंबर होता, मुदतीची तारीख होती.
"काळीच असंल," तीच म्हणाली.
"काळी लई चिवट."

आता संध्याकाळी मी सांगलीला, विश्रामबागेत
एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे जाते.
तिथं बायका गालात दोरे ओढून घेतात.
परवा निवृत्त मुख्याध्यापिका आल्या, डिग्रजकर बाई,
मुलाच्या लग्नाला पाच आठवडे राहिलेले.
आरशात बघत म्हणाल्या,
सहा-आठ महिन्यांत दोरा जाणारच असेल
तर पैसे कशाचे घेता?
डॉक्टर म्हणाल्या, तो असेपर्यंत
त्याच्याभोवती तुमचंच काहीतरी तयार होतं,
पुढं ते धरून ठेवतं.
किती दिवस?
ते मात्र माणसागणिक.
बाईंनी पर्सची चेन उघडली, बंद केली,
परत उघडली.

कोंडाक्का पुन्हा आली नाही.
यायचं कारणच नव्हतं.
तरी मी दिवस धरले होते, का कोण जाणे,
वॉर्डातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं बारीक टिंब.

नव्वदाव्या दिवशी ती नदीकाठाला आली असेल,
कुणाच्या तरी तोडलेल्या उसाच्या रानात
रात्रीपुरती मेंढरं बसवली असतील.
अंधार पडायच्या आत काठीनं दाखवत
मोजली असतील तिनं सगळी.

एक कमी भरली असेल.

आणि तिनं शोधली नसेल.