एक्केचाळिसावा सेकंद

जूनमधल्या एका मंगळवारी
मिर्ता नावाची मुलगी विद्यापीठातून आली,
तिपाईवर मुठीएवढा, चहूकडे डोळे असलेला कॅमेरा ठेवून म्हणाली,
"डॉन ओस्वाल्दो, तुम्ही आपलं नेहमीसारखं काम करा."
नेहमीसारखं करा म्हटलं की
हात विसरतात.
तरी मी सिएरा मासा उघडला, काटा ओढून काढला,
डोकं मागे नदीत फेकलं.
कठड्याखाली समुद्रलांडगे आ वासून बसलेलेच.
त्यातला म्हातारा, एका डोळ्याचा, खोकला.
तेवढं सगळं ती भरून घेऊन गेली.

माझा अमारो नऊ वर्षांचा.
वाल्दिवियाच्या या बाजारात तो एकदाच आला होता, चौथ्या वर्षी,
आणि कान दाबून बर्फाच्या पेटीमागे असा रुतला
की तिघांनी मिळून उचलला.
तेव्हापासून घरात शिरण्याआधी
मी अंगणातल्या नळावर लिंबानं हात घासतो.
बूट बाहेर, एप्रन बाहेर,
आवाजही जमेल तेवढा बाहेर.

आता दर गुरुवारी तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत
त्याच्या डोळ्यांवर चष्मा चढतो,
चष्मा कसला, डबाच तो,
आणि माझा बाजार त्याच्याभोवती उभा राहतो.
आवाजाचं बटण त्याच्याच हातात.
पहिल्या आठवड्यात शून्य.
मुके पेलिकन, मुकी सुरी,
मी तोंड उघडतो, मिटतो, टाकीतल्या माशासारखा.
तिसऱ्या आठवड्यात एक.
मग परत शून्य, कारण कुणीतरी पाइपनं फरशी धुतली.
ऑगस्टमध्ये चार.
मिर्ता वहीत लिहिते. घाई करत नाही.
घाई मलाच असते.

एकदा मीही तो डबा घातला. थेट दहावर.
आई गं.
गाड्याचं लोखंडी चाक दाढेत शिरलं,
बर्फ कवटीच्या आत फुटला,
आणि त्या सगळ्याच्या वर एक माणूस बोंबलत होता,
ताजी सिएरा, ताजी, ताजी!
कोण हा, म्हणून मान वळवली
तर मी.
बावीस वर्षं मी या माणसाला फक्त आतून ऐकत होतो.

नोव्हेंबरातल्या बुधवारी, गर्दी नसताना, तो आला.
आईची बाही धरून, कानांवर निळी झाकणं.
पहिला आडवा आला तो वास.
वास डब्यात नव्हता.
अमारो नाक मुठीत धरून थांबला,
मिर्ता काही बोलली नाही,
मी सुरी खाली ठेवली.
"ठेवू नको," तो म्हणाला.

मग कळलं, तो मोजतोय.
अकराला पेलिकननं खांबावरून उडायचं असतं.
खांबावर पेलिकनच नव्हता.
एकोणिसाला गाडा. आला नाही.
तिसाला मी सिएराचं डोकं फेकायचं,
आणि माझ्या हातात मेर्लुसा.
त्याच्या बोटांची ती थरथर मी ओळखतो,
उकळी फुटण्याआधी झाकण करतं तशी.
अख्खा बाजार चुकत होता
आणि तो एकटा बरोबर होता.

चाळीस.
एक्केचाळीस.
खाली काहीच नाही.
म्हातारा लांडगा हिवाळ्यातच गेला,
हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. माझंच राहिलं.

अमारो कठड्यापर्यंत गेला,
एका कानावरचं झाकण बोटभर सरकवलं
आणि खोकला.
ओला, घोगरा, एका डोळ्याचा खोकला.

पाण्यातून तीन मुंडकी वर आली.
शेजारच्या गाळ्यावरची लास्तेनिया भाव सांगता सांगता थांबली.
मी फळीवरचं डोकं उचललं,
अकरा सेकंद उशिरा का होईना,
फेकलं.

"बेचाळीस," तो म्हणाला.