घट

सोमवारी आठशे बेचाळीस.
बुधवारी आठशे एकोणीस.
आज शनिवार, पहाटे पावणेतीन,
बाजाराला निघायच्या आधी
ट्यूब न लावता, मोबाइलच्या उजेडात
नंदाच्या पिठाच्या काट्यावर:
सातशे एक्क्याऐंशी.

बावीस वर्षं मी तुर्भ्याच्या गाळ्यावर
तोलारांच्या शेजारी बसून दुसऱ्यांचा माल लिहितो.
सासवडचा वाटाणा, नारायणगावचा टोमॅटो.
ते आकडा ओरडतात, मी मांडतो.
भाजीत घट धरतात.
वाटेत पाणी सुकतं, देठ गळतात,
शेकडा दोन, फार तर तीन,
त्यावरून कोणी भांडत नाही.

खसखशीची घट शेकडा सात.
कुठल्या गोणीला भोक पडलंय
तेच सापडत नाही.

सीवूड्सला तांडेल डॉक्टरांनी
तिला टॉवेलात गुंडाळलं, टॉर्चनं दात बघितले.
म्हणाल्या, मागची दाढ वाढली असेल.
मग पोटावर दोन बोटं ठेवून
जरा थांबल्या.
किंवा खडा. किंवा अंडाशयात गाठ.
एक्स-रेत काहीतरी पांढुरकं होतं,
मुगाच्या डाळीएवढं.
खडा की खाल्लेलं की नुसताच डाग,
छातीठोक सांगता येत नाही, म्हणाल्या,
आणि तेवढ्यामुळेच
माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

खडा असेल तर कोथिंबीर बंद.
खात नसेल तर जे खाईल ते द्या.
ही दोन्ही वाक्यं एकाच चिठ्ठीवर आहेत,
एकाखाली एक.

दर चार तासांनी पावडर कालवायची,
बिनसुईची सिरिंज, गालाच्या कडेनं,
अर्धा अर्धा मिली.
निम्मं माझ्या बनियनवर.
लेंड्या मोजायच्या. काल अकरा.
सव्वापाच फुटांचा माणूस
गुडघ्यावर बसून अकरा लेंड्या मोजतो
आणि बारावी सोफ्याखाली सापडली
तर त्याला हुरूप येतो.

आधी फ्रिजचं दार नुसतं कुरकुरलं तरी
शिट्टी मारायची, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी.
समोरचे कदम म्हणायचे, कुकर झाला वाटतं.
आता मी उगीच दार उघडतो.
लावतो.
परत उघडतो.

हे प्राणी दुखणं दाखवत नाहीत, डॉक्टर म्हणाल्या,
रानात दाखवलं की संपलं.
म्हणजे कोपरखैरण्यात, दुसऱ्या मजल्यावर,
वॉशिंग मशीनच्या आडोशाला
तिच्या डोक्यावर अजून घार फिरतेय,
आणि मी सिरिंज घेऊन वाकतो
तेव्हा बहुतेक
ती घार मी असतो.

हर्षाली पुण्याला शिकायला गेली तेव्हा
पिंजरा इथेच राहिला.
आठच दिवस, पप्पा. त्याला दोन वर्षं झाली.
काल रात्री फोनवर तिनं विचारलं, वजन किती?
पुढच्या आठवड्यात तिची परीक्षा.
आठशे चाळीस, मी म्हणालो.
बावीस वर्षांत पहिल्यांदा
काट्यावर एक आणि तोंडात एक.

नंदा पोळी लाटता लाटता म्हणाली,
तुम्हीपण तिच्याच जातीचे.
गेल्या दिवाळीला छातीत दुखत होतं
तरी चढलातच ना जिना, हसत?
मी काही बोललो नाही.
तिनं पोळी उलटली.

आज येताना एक जुडी आणली.
कोथिंबीर जुडीवर जाते, तिला काटा लागत नाही.
चिठ्ठीतलं कुठलं वाक्य पाळतोय
ते मला ठाऊक नाही.
पिंजऱ्याशी बसलो.
एक काडी पुढं केली.
नाक हललं. बराच वेळ नुसतं नाकच.
मग अर्धी खाल्ली,
हळू, एकाच बाजूनं चावत,
आणि तोंड फिरवून
कोपऱ्यात जाऊन बसली.

उरलेली अर्धी मी काट्यावर ठेवली.
काट्यानं शून्य दाखवलं.
काडी उचलली, पुसली, पुन्हा ठेवली.
शून्य.

वहीत मांडलं:
शनिवार, दुपार. अर्धी काडी.