नववी

पहाटे साडेचार. मोरेलिया अजून झोपलेलं.
शेगडीवर दोन भांडी:
एकात विकायची जेली, दुधाची, अक्रोड घातलेली,
दुसऱ्यात तुझ्या केसांची.
पुडी एकच. दुसरीत साखर नाही, एवढाच फरक.

आधी थंड पाणी, युनुएन. घाई करायची नाही.
पूड पाणी पिते, फुगते,
ओल्या भुशासारखी दिसते.
मग गरम. मग ती दिसतच नाही.

दुकानातलं जेल आणलं होतंस एकदा, निळं, महाग,
लिंबाच्या वासाचं.
आरशासमोर ताठ राहिलं, पाण्यात शिरताच पाण्याला फितूर झालं.
तलावातून वर आलीस तेव्हा कपाळभर बटा,
आणि ओब्दुलियाबाईंची शिट्टी.
मला म्हणाल्या, "डोमितिला, तू तर जेली विकतेस.
तुला कळायला हवं होतं."

त्यांनीच मग सांगितलं, आत काय चालतं ते.
हाडं नि कातडी उकळून निघालेले लांबच लांब धागे
गरम पाण्यात सैरावैरा, कुणी कुणाचं नसल्यासारखे.
निवू लागले की एकमेकांना शोधतात,
तिघं तिघं मिळून पीळ घालतात.
तिपेडी वेणी, मी म्हटलं.
त्या हसल्या. हो, तीच.
पिळांच्या फटींत पाणी अडकून बसतं, म्हणून वाटीत थरथरतं.
केसांवर ते पाणी उडून जातं, उरते काच.
तलाव गार. त्याला ही वेणी
उलगडता येत नाही.

रंगाऱ्याचा दोन बोटं रुंद ब्रश.
कपाळापासून मागे, कानामागून वर.
चटका बसतो का?
बसतो, म्हणतेस, चालू दे.
पहिला हात, वाळू दे, दुसरा, तिसरा.
अंबाड्यात सदतीस पिना.
तुझ्या केसालाही धक्का लागू देणार नाही,
असं मी म्हटलं होतं तू जन्मलीस तेव्हा.
ते असं ब्रशने करायचं असतं
हे तेव्हा कुठे ठाऊक होतं.

आठ मुली पाण्यात. तू नववी.
नववीचेही केस तितकेच चकाकावे लागतात,
कुणाचा पाय मुरगळला, कुणाला ताप आला तर.
कुणाला ताप आला नाही.
टॉवेल पांघरून तू बाकावर.
वरच्या पायरीवरून मला फक्त तुझं डोकं दिसत होतं,
पितळी, कोरडं,
सगळ्यांत नीट.

बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, लग्नाहून आलात?
तू म्हणालीस, हो. छान झालं.

आता बस इथे, मान खाली घाल.
पाण्यात कोपर बुडवून पाहिलंय,
अंगापेक्षा थोडंसंच जास्त गरम. तेवढं पुरतं.
पहिल्या मगाला काहीच होत नाही.
दुसऱ्याला चिकट.
तिसऱ्याला पीळ सुटू लागतात,
बोटांना बुळबुळ लागते,
उन्हात विसरलेल्या माझ्या वाट्यांमधली जेली
दुपारी अशीच हात सोडते.

चौथ्या मगाला तू बोललीस,
"ती सातव्या मोजणीला चुकली. मी चुकले नसते."
"माहीत आहे."
"तुला गं कसं माहीत?"
"टॉवेलखाली तुझे पाय हलत होते."

मग गरम पाणी कुठलं आणि दुसरं कुठलं
ते मी पाहिलं नाही.

पिना मोज, मी म्हटलं.
तू बशीत एकेक टाकत गेलीस.
छत्तीस.
सदतिसावी अजून आत कुठेतरी.
मी आणखी पाणी तापायला ठेवलं.