जमीन कुठे गेली

चाळीस वर्षं मी लोकांच्या पायाखाली जमीन घातली.
लेवार्डनमध्ये अशी एक गल्ली सापडणार नाही
जिथल्या कुठल्यातरी दिवाणखान्यात
माझे गुडघे झिजले नाहीत.
ओक, बीच, मेपल. दोन फळ्यांमध्ये नखही शिरू नये.
निवृत्त झाल्यावर स्वतःच्या घरात घातली ती सगळ्यांत सरस :
सात हात वार्निश. संध्याकाळी
खिडकीबाहेरचा कालवा तीवर सांडल्यासारखा दिसायचा.

मग यिल्दाउला नोकरी लागली नॉर्वेत
आणि ती दारात एक खोका ठेवून गेली.
खोक्याला कान होते.

सीत्सके. राखाडी, अडीच किलो,
नाक सतत काहीतरी मोजतंय.
पहिल्याच उडीला चार पाय चार दिशांना.
सावरली, उठली, माझ्याकडे पाहिलं,
गिऱ्हाईक फुगलेल्या फळीकडे पाहतं तसं.
मग पायपुसण्यावर जाऊन बसली
ती तीन दिवस हलली नाही.
एवढी थोरली खोली, आणि तिचं राज्य
साठ बाय चाळीस सेंटिमीटर.
झोप तिथे, गवत तिथे,
आणि उरलेलंही तिथेच.

"मांजरासारखी गादी नसते सशाच्या तळव्याला,
नुसते केस," डॉक्टर फोक्ये म्हणाली.
"तुमची जमीन म्हणजे तिला गोठलेला कालवा."
मी म्हटलं, फ्रिश घरात राहून बर्फाची भीती?
ती हसली नाही. बिल मात्र दिलं.

फोमचे चौकोन आणले, दातात दात अडकवून बसवले,
ओळंब्यात, भिंतीपासून समान अंतरावर.
सकाळी एक कोपरा गायब.
पोटात गेला की काय म्हणून
दिवसभर तिच्या लेंड्या मोजत बसलो.
(छप्पन्न. नंतर कंटाळलो.)

शेवटी तळघरात उतरलो.
दुकान बंद केलं तेव्हाचे गालिच्यांचे नमुने होते,
मोहरीचा पिवळा, शेवाळी, एक भयंकर जांभळा
जो कुणीच कधी घेतला नाही.
मांडले. नुसते मांडले, चिकटवले नाहीत.
पायपुसण्यापासून सोफ्यापर्यंत, सोफ्यापासून खिडकीपर्यंत,
ओल्या वावरात दगड टाकावेत तसे.
ती आली. जांभळ्यावर थांबली.
मग हवेत एक गिरकी,
आणि उतरली तशी उभी राहिली.

पण शू.
ट्रे मी न्हाणीघरात ठेवला होता, काटकोनात,
कागदाच्या गोळ्या भरून.
तिनं मात्र माझ्या खुर्चीमागचा कोपरा धरला.
व्हिनेगरनं पुसलं. ट्रे तिथे नेऊन ठेवला.
ती डावीकडे वीस सेंटिमीटरवर बसली.
वीस. मी टेप लावून पाहिलं.
ओरडलो एकदा. तिनं मागचा पाय आपटला
आणि सोफ्याखाली गेली ती रात्र पडेपर्यंत.

खालच्या मजल्यावरची आल्त्स्ये म्हणाली,
"तू तिला शिकवतोयस, वीबे. तिला विचार की."
काय विचारणार? जमिनीवर आडवा झालो,
गाल फळीला टेकून, तिच्या उंचीवरून पाहिलं :
खुर्चीचा पाय ट्रेच्या तोंडातच येत होता.
पाठीमागे भिंत, पुढे वाट बंद.
मीही नसतो बसलो.

खुर्ची हलवली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.
ओला कागद मुद्दाम ट्रेमध्ये टाकला,
काठावर गवताची जुडी टांगली
(ससा खाता खाताच मोकळा होतो,
हे मला सत्तराव्या वर्षी कळलं).
आता ती तिथे बसते, डोळे अर्धे मिटून,
चघळत, देत, घेत.
दोन-चार लेंड्या वाटेत पडतात. पडोत.
त्या माझ्यासाठी नाहीत, सही आहे ती, तिच्या घरावरची.

कोपऱ्यातला डाग मात्र गेला नाही.
ओक तिथे काळाभोर झालाय.
अमोनियाची वाफ लागली की होतो तो तसा;
त्याच रंगासाठी गिऱ्हाइकं मला जादा मोजायची.

काल यिल्दाउचा फोन आला, चित्रासकट.
"बाबा, हे काय? एवढी सुंदर जमीन कुठे गेली?"
खालीच आहे, म्हटलं.
जमीन असायची तिथेच.