चुना

बरक्याच्या अलीकडे, खजुरांच्या वाडीमागे,
शुक्रवारी सकाळी साडेसहाला
आम्ही अकरा माणसं
आणि खोगीर चढवलेली दहा घोडी.
"एक लंगडतंय," शंबे म्हणाला, आमचा वाटाड्या,
शनिवारी जन्मला म्हणून शंबे.
यांनी सुटकेनं हेल्मेट काढून ठेवलं:
"मी बसलोय एकदा घोड्यावर. पुरे."

ते खरंच. एकोणतीस वर्षांपूर्वी, फलटणला, बँडमागे.
मी तेव्हा आत नथ सांभाळत होते,
घोडा काळा होता की पांढरा
हे अल्बममध्ये कळलं.

उपड्या क्रेटवरून चढले मी.
मांड घट्ट, लगाम सैल.
(आजवर उलटंच करत आले.)
गझाला नावाची घोडी, वय बावीस,
तिला वाट पाठ. माझं काम फक्त
न पडण्याचं.
लसूणघासाचे वाफे, त्यात वाकलेला
सिल्हेटचा एक पोरगा, त्यानं वर बघितलं नाही.
मग बोरीचं झाड. शंबे म्हणाला, सिद्र.
मी म्हटलं, बोर.
गझालानं दोन्ही मानलं नाही,
पाला ओरबाडला आणि निघाली.
पुढे कोरडी वादी, गोट्यांवर नालांचा आवाज,
आणि उजवीकडे कुठेतरी न दिसणारा समुद्र,
नुसता वास, सुकत घातलेल्या मासळीचा.
मांड्या थरथरत होत्या. मी हसत होते.
का, ते विचारू नका.

परत आलो तर झावळ्यांच्या सावलीत
एवसेबियो. पिकली मिशी, गळ्यात पंचा,
गाव हालिस्कोत कुठेतरी.
दोन तळव्यांत पीठ थापत होता, टप टप,
मातीच्या तव्यावर टाकत होता.
तीन पायांच्या खलात भाजक्या टोमॅटोचा ठेचा,
मडक्यात घेवडा,
आणि रात्रभर खड्ड्यात पुरलेलं बोकड,
ज्यावरून त्याचं आणि शंबेच्या चुलत्याचं
सहा वर्षं भांडण आहे:
मांस पुरायचं आधी कोणाला सुचलं?
आजचा खड्डा चुलत्याचा, मसाला एवसेबियोचा.
निकाल लागला नाही. हाडं उरली.

"मक्याला आदल्या रात्री चुना लावतो," तो म्हणाला,
तबेल्यात शिकलेल्या हिंदीत,
आणि हे घास हातात धरून हसायलाच लागले.
मग समजावणं आलं:
आमच्याकडे चुना लावणं म्हणजे
वडाळ्याचा तो एजंट.
सुपरवायझर म्हणून पाठवलं,
मस्कतला उतरल्यावर हातात हेल्परची डांगरी.
(पत्रांत मात्र दोन वर्षं सुपरवायझरच होते.)

एवसेबियो हसला नाही. तवा पुसला.
घोडे नाचवायला आला होता तो,
कागदावर अजून तसंच आहे.
उतरला तोवर घोडे विकले गेले होते,
स्वयंपाकघर तेवढं रिकामं होतं.
"पण चुना लावला नाही," तो म्हणाला,
"तर पीठ धरत नाही. थापलं की तुटतं."
एवढंच. आणि यांच्या ताटात
चौथी टाकली, फुगलेली.

निघताना शंबे गाडीपर्यंत धावत आला,
यांचा हात धरून हलवत राहिला.
कुंपणाआत अकरावं घोडं
चारी पायांवर नीट चालत होतं.
आम्ही वादीत होतो तेव्हा यांनी म्हणे
त्याचा खूर मांडीवर घेतला,
खिशातला पेचकस काढला.
मला हे गाडीत कळलं,
तेही पँटवरचा शेणाचा डाग बघून विचारलं तेव्हा.

डॅशबोर्डवर त्यांनी ठेवला
हरभऱ्याएवढा खडा.
हायवेला लागेपर्यंत तो
प्रत्येक वळणाला इकडून तिकडे घरंगळत होता.
मी धरला नाही.