विकायचा नाही

तिबिलिसीत कोरड्या पुलाखाली पाणी नाही.
वर, कडेनं, चादरी आहेत,
आणि चादरींवर कुणाकुणाची घरं उलटी केलेली :
काटे-चमचे, पदकं, दुर्बिणी,
एकाच पायाचा स्केट.

माझी चादर कुलपांची.
चाव्या एकीकडच्या, कुलपं दुसरीकडची,
पण जोडीनं ठेवली की लोक नातं मानतात.
शेजारी नाझीब्रोला. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायची,
आता मेलेल्या शेजाऱ्यांचे पेले विकते.
भाव विचारला की आधी लाजते,
मग कमी सांगते,
मग गिऱ्हाईक पेला उन्हात धरून तडा शोधतं.
इतका स्वस्त म्हणजे काहीतरी असणारच.

त्या शनिवारी वारा पिसाळलेला.
तिच्या चादरीचा एक कोपरा सारखा उठायचा,
म्हणून तिनं घरचा पितळी चंबू ठेवला त्यावर.
पोचा आलेला, कान मोडून तारेनं बांधलेला,
खिडकीतल्या जिरेनियमला पाणी घालायचा.

पाठपिशवीवाली एक बाई पेले ओलांडून वाकली.
'हा केवढ्याला?'
'तो विकायचा नाही.'
खरंच सांगितलं तिनं. वारा होता ना.

बाई सरळ झाली.
परत वाकली, या वेळी चष्मा लावून.

दुपारपर्यंत चाळीस लारी झाले.
बातुमीचं एक जोडपं नव्वदवर गेलं,
नवरा नको म्हणत असताना बायको,
बायको नको म्हणू लागल्यावर नवरा.
ती तार पाहून कुणीतरी म्हणालं, बघा,
त्या काळी वस्तू कशा जपत.
तार माझी होती. गेल्या हिवाळ्यात मीच दिली होती.

मग अवतांदिल आला, दुकानवाला,
अकरा वर्षं तिच्या चादरीवरून
नुसती नजर फिरवून जाणारा.
त्यानं चंबूवर नख वाजवलं आणि म्हणाला, 'हं.'
तेवढंच.
त्या 'हं'चे पन्नास लारी तरी वाढले असतील.

बोलेल त्याची मातीही खपते, असं आम्ही ऐकत आलो.
ही तर बोलतच नव्हती.
जितकी मान हलवे, तितका आकडा चढे.

पुढच्या शनिवारी मी लाल मखमलीवर
एक लोखंडी चावी ठेवली.
विकायची नाही, म्हटलं, भारदस्त आवाजात.
कुणी विचारलंच नाही.
संध्याकाळी एका पोरानं विचारलं,
'मग आणली कशाला?'
पोराला काय सांगू.
खोटा नकार गिऱ्हाइकाला वासानं कळतो.

नाझीब्रोलाच्या कोपऱ्यावर आता वीट होती.
'चंबू कुठाय?'
'घरी,' ती म्हणाली, हळूच,
जणू घरात कुणी आजारी आहे.

परवा पेट्या चढवायला तिच्याकडे गेलो, चौथा मजला.
चंबू कपाटावर. खाली विणलेला रुमाल.
खिडकीशी ती जिरेनियमला
दूध तापवायच्या पातेल्यानं पाणी घालत होती,
निम्मं कुंडीत, निम्मं जमिनीवर.
'गुराम, तू इतकी वर्षं बाजारात आहेस.
काय असेल रे तो?'

मला ठाऊक होतं.
असे चंबू कारखान्यातून पोत्यांनी निघायचे.
आईनं एक डुकरांच्या खुराड्यात ठेवला होता,
कोंडा मोजायला.
सांगायला तोंडही उघडलं मी.

'दाखव बघू,' म्हणालो.
तिनं पातेलं ठेवलं, हात पदराला नाही, टॉवेलला पुसले,
स्टुलावर चढून तो खाली दिला.
मी दोन्ही हातांनी घेतला.

पितळ गार होतं. माझीच तार बोटाला टोचली.
'विकणार नाहीस ना?' मी विचारलं,
आणि माझा आवाज
त्या बातुमीच्या नवऱ्यासारखा आला.