भरतीरेषा

फॉर्म सोळा पानांचा होता,
मुळात किनाऱ्यावरच्या लहान गावांसाठी केलेला.
कुणीतरी घाईत वरचं नाव बदललं, सोलापूर घातलं,
आणि आत समुद्र तसाच राहून गेला.

प्रश्न चौथा : भरतीचं पाणी कुठवर येतं?
प्रश्न पाचवा : होड्या वर ओढून घ्यायला जागा आहे का?

ऑफिसात चहा सांडेपर्यंत हसले सगळे.
कोनापुरे मॅडम म्हणाल्या, रकाना मोकळा ठेवू नकोस,
"लागू नाही" लिही.

वैशाखातला मंगळवार. विडी घरकुल.
एकाला एक चिकटलेली घरं,
प्रत्येकाच्या पुढं वाढवलेला पत्रा.
नरसव्वा कुरापाटी उंबऱ्याशी, मांडीवर सूप,
ओल्या फडक्यात पानं, कात्री, तंबाखू,
आणि डोक्यावरचा पंखा बंद.
"लावला तर तंबाखू उडती मॅडम.
हजार भरले न्हाई तर कारखान्यात तुम्ही येता काय सांगायला?"

हे सोळा पानांत कुठंच विचारलेलं नव्हतं.
मी समासात लिहून घेतलं, बारीक अक्षरात.

मग चौथा प्रश्नही विचारून टाकला,
जिथं नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं तिथं,
जरा खालच्या आवाजात.
ती हसली नाही.
विडीला दोरा गुंडाळला, टोक आत दाबलं.
"येती की. अकराला खालच्या पायरीला लागती.
बाराला उंबरा.
दीडला माठापर्यंत.
आमी सूप घेऊन मागं मागं सरकतो,
पार शेगडीच्या भिंतीला.
तीनला तितंबी येती."

आणि उतरते कधी?
तिनं तेलुगूत शेजारणीला काहीतरी विचारलं.
भूदेवी आतूनच ओरडली, "रात्री दोनला!
तोपर्यंत पत्रा बोलत असतो, टक टक."

नातवाचा खडू घेऊन नरसव्वानं
फरशीवर पहिली रेघ ओढली, वर वेळ टाकली.
मग दुसरी.
मग भूदेवीच्या घरात, मग समोरच्या लाइनीत,
खडू संपला तेव्हा कुणीतरी कोळसा आणला.
सहा वाजेपर्यंत एकतीस घरांत
न दिसणाऱ्या पाण्याच्या रेषा होत्या.
नळाजवळच्या कोपऱ्यातल्या घरात मात्र
ऊन पायरीच चढत नव्हतं.
तिथं कडुलिंब होता.
रस्ता रुंद करायच्या यादीत
त्याच्यावर लाल फुली होती, आमच्याच खात्याची.

"होड्या म्हंजे काय धरायच्या?" भूदेवीनं विचारलं.
मला माहीत नव्हतं.
त्यांनीच ठरवलं : ज्यांना स्वतःहून हलता येत न्हाई ते.
सायव्वाचा नवरा, गिरणी बंद पडल्यापासून बाजेवर.
बाळंतीण, तीन घरं सोडून.
शुगरचा पाय कापलेला अंबादास.
बाज ओढत न्यायची कुठं?
शाळेच्या व्हरांड्यात. उत्तरेकडं तोंड आहे, वारा येतो.
पण सुट्टी आहे, गेटला कुलूप,
किल्ली शिपायाकडं, शिपाई गाणगापूरला.

लिहीत गेले. रकाना पुरला नाही.
मागच्या पानावर गेले, तिथं छापलेलं होतं
"खारफुटीची स्थिती", त्यावरच लिहिलं,
कडुलिंब एक, वय अंदाजे चाळीस, वाचवावा.

मॅडमनी वाचलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग पेन काढून "लागू नाही" खोडलं,
जे मी अजून लिहिलंही नव्हतं,
त्यांनीच सकाळी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं.

कुठल्याशा खाडीकाठी
माझ्यासारखीच एखादी बाई असेल,
तिच्या फॉर्मात चुकून आपला प्रश्न गेला असेल,
पाणी किती दिवसांआड येतं?
ती काय लिहीत असेल?

परवा परत गेले.
पायानं पुसतात म्हणून नरसव्वानं रेषांवर
चुन्याचा हात दिलाय.
एक नवी रेघ आहे, शेगडीच्या भिंतीवर, हातभर उंच.
"ही कसली?"
"ही पुढच्या सालची," ती म्हणाली, आणि पान कापायला घेतलं.

किल्ली अजून मिळालेली नाही.